आवळीभोजन आणि दगड नंबर चौदा

दौलतरावांच्या ओट्यावर चहा प्यायचा नाही, असं मी आजवर अकरा वेळा ठरवलं आहे. चहा वाईट नसतो. पण चहाबरोबर दौलतराव असतात, ती भानगड. महसुलातले सर्कल इन्स्पेक्टर म्हणून पेन्शनीत निघालेला हा गृहस्थ आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. "त्या साली मी मालेगावच्या कॅम्पात होतो," इथून सुरुवात. मग तंबू, मग घोडा, मग वाघ. वाघ दर वेळी हातभर वाढतो. सन तीसच्या आश्विनात तो नऊ हातांवर आला होता आणि मी मुकाट्यानं ऐकत होतो, तेवढ्यात दौलतराव बशी खाली ठेवून म्हणाले,

"जगदेवराव, तुमी सतरा साल आमचे दौरे उतरवले. पन खरं सांगा, मालेगाव नाक्याच्या पलीकडे कवा पाय टाकला काय?"

ओट्यावर आणखी चार जण होते. चौघंही हसले. एकानं तर चहा नाकातून काढला.

आता खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. मी वाशीमच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस. साहेब लोकांनी लिहायचं आणि आम्ही उतरवायचं, खाली "खरी नक्कल" असं लिहून सही ठोकायची. प्रती तीन: एक ज्याची त्याला, एक दप्तरात, एक जावकाच्या टोपलीत. या हातानं किती जंगलं, किती नाले, किती हद्दी उतरवल्या त्याची गणती नाही. अक्षर असं की वरच्या कचेरीतून एकदा विचारणा आली होती, हा छाप कुठं मारून घेतला म्हणून. आणि जे एकदा उतरवलं ते डोक्यातून जात नाही, हा माझा दोष समजा. सन एकोणीसमध्ये 'मौजे बोरखडी उजाड, सर्व्हे नंबर सत्तेचाळीस' या हुकुमावर माझ्या टाकातून शाईचा एक थेंब पडला. मोहरीएवढा! तेव्हाच्या साहेबांनी तो कागद माझ्याकडून सात वेळा उतरवून घेतला, भर कचेरीत, सगळ्यांदेखत. तो हुकूम मला आजही झोपेतून उठवून विचारा, ओळीनं सांगतो. पण बोरखडी उजाड कुठं आहे, हे विचाराल तर मला ठाऊक नाही. उजाड गाव, कागदावर तेवढं उरलेलं. मला नंबर माहीत होते, जमीन माहीत नव्हती.

पण म्हणून चार लोकांत हसायचं? माझं डोकं फिरलं.

"येत्या कार्तिकात आवळीभोजन," मी उभा राहून म्हणालो. "भुऱ्या टेकडीवरच्या मोठ्या आवळीखाली. सगळी आळी. दौरा मी काढतो."

"भुऱ्या टेकडी!" दौलतरावांनी डोळे वर नेले. "अहो, तो माझा सर्कल होता. नऊ साल दगडन् दगड तपासला मी तठी. वाघाची जागा हाय ते. शिवाय जंगलखात्याची हद्द. तुमचं काम नोहे."

बस. त्या "तुमचं काम नोहे"नं पुढचं सगळं रामायण घडवलं.

घरी येऊन कुटुंबाला सांगितलं. कस्तुराबाई तेव्हा ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"कोन काढते दौरा? तुमी?"

"मी."

"अवो, तुमी माडीवर चढले तं मंग पानी पेल्याशिवाय बोलता येत नाई तुमाले. टेकडीवर काहून चालले जीव द्याले?" सूप एकदा जोरात आपटलं. "कागदावरचे तुमी. कागदावरच बरे."

सतरा वर्षं साहेबांची बोलणी खाल्ली, पण "कागदावरचे" हा शब्द त्यांपैकी कोणीही काढला नव्हता. तो घरातून यायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आमच्या आळीत फुकट मिळणारी ती एकच वस्तू. पहिल्या आल्या समोरच्या रंगूबाई. आवळीभोजन म्हटलं की रोडगे, आणि रोडगे म्हटलं की रंगूबाई. गव्हाचं जाडं पीठ, त्याचे थापलेले गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात खरपूस भाजायचे आणि मग तुपात कुस्करायचे, यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. तोंडही कोणी धरणार नाही.

"गोवऱ्या शंभर पायजेत. शेनाच्या, भेसळ नाई चालत. वांगे बारके, काटेरी. वरन तुरीचं. आन् तुपात हात आखडला तं मी तठूनच परत येईन, सांगून ठेवते!" मग जरा पुढं वाकून, "आन् जगदेवराव, त्या आवळीखाली कुसळी गवत हाय कमरेएवढं. आमी लगनाच्या पह्यले गेलतो. बसाले जागा नाई. घरटी एक इळा आनाले सांगा. पह्यले गवत कापा, मंग बसा."

रास्त होतं. मी लिहून घेतलं. माझा हा स्वभाव, रास्त वाटलं की लिहून घेतो.

पहिल्या दिवशी आळीतली दोनच घरं तयार होती, ती आठवड्यात नऊ झाली. मग दुसऱ्या आळीचा रुसवा आला, म्हणून तीही घेतली. बैलगाड्या सहा ठरल्या. वांगी चिरून करायची की भरून, यावर दोन जावांनी एकमेकींचं तोंड पाहणं टाकलं; मी निवाडा दिला की निम्मी चिरावी, निम्मी भरावी, तर दोघीही माझ्यावर उलटल्या.

राहिली परवानगी. मी सरकारी माणूस, मला रीत माहीत. जंगलखात्याच्या कचेरीत अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, टेकडीचा नकाशा जोडा, तो पटवाऱ्याकडं मिळेल. पटवारी म्हणाला, जंगलखात्याचं पत्र आणा, मग नकाशा देतो. जंगलखात्याचा कारकून म्हणाला, नकाशाशिवाय पत्र कसलं? मी तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी माझ्या अर्जावर एक ओळ आली: "विचाराधीन." ही ओळ मी स्वतः सतरा वर्षांत हजारदा उतरवली होती. ती वाचणाऱ्याला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

पण म्हटलं, वनात जेवायला बंदी थोडीच आहे? आणि बसलो कार्यक्रमपत्रक लिहायला. काय पत्रक होतं! वर तारीख, डाव्या बाजूला समास, बाबवार मजकूर. बाब एक: रविवारी दिवस उगवता सर्व मंडळींनी मालेगाव नाक्यावर जमावे. बाब दोन: तेथून भुऱ्या टेकडीकडे कूच करावे. बाब तीन: प्रत्येक घराने एक विळा सोबत आणावा, प्रथम गवत कापण्याचा कार्यक्रम होईल. बाब चार: तदनंतर भोजन. खाली सही. मधल्या सुट्टीत, कचेरीतच, टेबलावरच लिहिलं. आणि हाताला सवय, हो! तीन प्रती काढल्या. एक आळीसाठी घेतली, एक स्वतःच्या दप्तरात ठेवली, आणि एक...

एक जावकाच्या टोपलीत टाकली.

टोपलीतल्या कागदावर जावक कारकून क्रमांक घालतो, वाचत नाही. वाचायला लागला तर क्रमांक कधी घालणार? त्यानं ती इतर कागदांबरोबर "माहितीस्तव" पोलीस ठाण्यात धाडून दिली.

आता वाचकांनी सन तीस आठवावं. त्या पावसाळ्यात सगळ्या वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पेटला होता. लोक विळे घेऊन निघायचे, सरकारी जंगलात घुसायचे, मूठभर गवत कापायचे आणि हसत हसत तुरुंगात जायचे. आणि अशा दिवसांत ठाण्याला तहसिलीच्या जावक क्रमांकानिशी, सुवाच्य अक्षरात, सहीसकट कळवलं गेलं होतं की अमुक दिवशी, अमुक टेकडीवर, विळे घेऊन, गवत कापण्याचा कार्यक्रम. भोजन तदनंतर.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. समोर माझंच पत्रक पडलं होतं.

"जगदेवराव, हे अक्षर तुमचं?"

"होय साहेब." अक्षराविषयी मला खोटं बोलता येत नाही.

"सतरा वर्षं झाली तुम्हाला. मी तुम्हाला गरीब गाय समजत होतो."

मी रोडग्यांचं सांगितलं, आवळीचं सांगितलं, रंगूबाईंचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जेवायला जायचं तर खुशाल जा. पण ठाण्याचे जमादार आणि जंगलाचा नाकेदार तिथं हजर राहतील. सरकारी हद्दीत गवताची एक काडी कापली गेली, तर सोमवारी तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला दिसेल."

मी बाहेर आलो. मला भीती वाटली, साफ सांगतो. सतरा वर्षं एका खुर्चीत घालवलेल्या माणसाला दुसरं काय येतं? रस्त्यानंच ठरवून टाकलं: बेत रद्द. पोटात कळ आली म्हणून सांगायचं आणि रविवारी पांघरूण घेऊन पडायचं.

घरापाशी आलो तर दारात माणसं. कापडाचा दुकानदार रामकिसन हार घेऊन उभा. ज्यांनी सतरा वर्षांत रामराम घातला नव्हता, ते वाकून नमस्कार करत होते. बातमी ठाण्यातून गावात कधीच फुटली होती: तहसिलीतला जगदेवराव नोकरीवर लाथ मारून जंगलचा कायदा मोडणार!

"मानलं तुमाले," रामकिसन म्हणाला आणि हार माझ्या गळ्यात पडला. "मुंगीएवढ्या मानसानं हत्तीचं काम केलं जी!"

मी हार काढायला मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरला.

आत गेलो. कस्तुराबाईंनी पाट मांडला होता. ताटात पुरण होतं. सण नव्हता, वार नव्हता, आणि पुरण! शेजारी दगडावर घासून लखलखीत केलेला विळा.

"बसा," त्या म्हणाल्या. वाढता वाढता खाली पाहूनच बोलल्या, "मले वाटलं नवतं तुमच्यात एवढं हाय म्हनून. मी तुमाले कागदावरचे म्हटलं. माहं चुकलं."

चोवीस वर्षांच्या संसारात "माहं चुकलं" हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. सांगा आता, अशा वेळी कोणाच्या पोटात कळ येईल? मी पुरण आणखी मागून घेतलं. इकडं विळा चालवला की नोकरी गेली. तिकडं नाही चालवला की कस्तुराबाई गेल्या. म्हणजे राहतील घरातच, पण आजची ही बाई पुन्हा दिसणार नाही. शनिवारभर मी हेच तोलत बसलो होतो.

रविवारी दिवस उगवता नाक्यावर पोचलो तर सहा गाड्यांच्या अठरा झाल्या होत्या. माणसं तर विचारूच नका, अर्धं वाशीम. झांजा, झेंडे, "वंदे मातरम्". सगळ्यांत पुढच्या गाडीत मला नवा हार घालून उभं केलं होतं आणि मागं पोलिसांचा जमादार सायकलवर. चढ आला की तो उतरून आमच्या गाडीला सायकल टेकवायचा आणि म्हणायचा, "मुन्शीजी, जरा आहिस्ता." दौलतराव आले नव्हते. त्यांची कंबर धरली होती. पेन्शनवाल्याची कंबर अशा दिवशी नेमकी धरते.

वाटेत जे व्हायचं ते सगळं झालं. नाल्यात रंगूबाईंच्या गाडीचं चाक दगडावर चढलं आणि वरणाचं शिजवून घेतलेलं पातेलं पाण्यात गेलं. नाला पिवळा झाला. रंगूबाईंनी नाल्याला अशा शिव्या घातल्या की जमादारानं टोपी काढली. ते निस्तरेपर्यंत मागच्या गाडीच्या बैलांनी पुढच्या गाडीतली वांगी हुंगली आणि खाऊन टाकली, चिरायची आणि भरायची दोन्ही. जावांचं भांडण तिथंच मिटलं. मी मनातून म्हणत होतो, सगळंच नाल्यात जाऊ दे, गाड्या परत फिरू देत. पण लोक म्हणाले, गवत तर आहे ना कापायला? चला!

भुऱ्या टेकडीवर पोचलो. आवळी खरंच देखणी, फळांनी लगडलेली, आणि खाली कमरेएवढं पिवळं कुसळी गवत. झाडाच्या अलीकडं नाकेदार दंडुका आडवा धरून उभा.

"हद इथून लागते. एक काडी कापली तं नाव लिहीन," तो म्हणाला. त्यानं वही आणलीच होती.

पाचशे माणसं गाड्यांतून उतरून गोळा झाली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कस्तुराबाईंनी पदराखालचा विळा काढून माझ्या हातात दिला. मूठ गरम होती. नाक्यापासून त्यांनी तो धरून ठेवला असावा.

मी खुर्चीचा विचार केला. मग कस्तुराबाईंकडं पाहिलं. त्या मान वर करून उभ्या होत्या, लोकांकडं बघत. म्हटलं, जाऊ दे खुर्ची. एक पाऊल पुढं टाकलं.

तेवढ्यात गर्दीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस पुढं आला. टेकडीच्या पायथ्याला बंजाऱ्यांचा तांडा आहे, त्याचा नाईक हरिसिंग. मागं त्याची बायको रामीबाई.

"बाबूजी, थांबा," तो म्हणाला. "कापाचं तं कापा, आमी संगं हाओत. पन सरकारचं म्हनून नका कापू. हे गवत आमच्या ढोरायचं होतं. माह्या बापाच्या टायमापासून. आठ सालापासून हे नाकेदार म्हनतेत, जंगलाचं हाय. माह्या म्हशी तीन येळा कोंडवाड्यात घातल्या."

"एक त तठीच मेली," रामीबाई म्हणाली. "गाभन होती."

"कोनी सांगतलं तुमचं म्हनून?" नाकेदार ओरडला.

"जुना पटवारी सांगे," हरिसिंग म्हणाला. "म्हने, नाईक, सत्तेचाळीस नंबर तुमच्या ढोरायचा, कोनाले भिऊ नका."

सत्तेचाळीस!

माझ्या डोक्यात शाईचा थेंब पडला. मोहरीएवढा.

"नाईक, या जागेला पूर्वी काय म्हणत?"

"बोरखडी होतं न जी गाव. मांगं उजाड झालं."

मी विळा खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणायला लागलो, कचेरीत म्हणतो तशा आवाजात: "मौजे बोरखडी उजाड, सर्व्हे नंबर सत्तेचाळीस, वर्ग ई, गुरचराईकरिता कायम. सदर नंबरातील गवत लगतच्या वस्तीस मोकळे. उत्तरेकडील जंगलहद्द दगड नंबर चौदापासून धरावी. सदर दगड मोठ्या आवळीच्या उत्तरेस पन्नास पावलांवर." डोळे उघडले. "हुकूम सन एकोणीसचा. सात वेळा उतरवला आहे मी. हद्द झाडाच्या अलीकडं नाही, पलीकडं पन्नास पावलांवर आहे. इथला दगड दाखवा, नाकेदार."

नाकेदारानं इकडंतिकडं पाहिलं. त्याच्या पायाशी दगड नव्हताच.

"मंग तुमचा दगड दाखवा," तो म्हणाला.

आता आली का पंचाईत! पन्नास पावलं मोजली. मोजली कसली, पोहलो म्हणा. कमरेएवढं गवत, आणि दगड सापडेपर्यंत एक काडी कापायची सोय नाही. शेवटी धोतराचा काचा मारला आणि गुडघ्यांवर बसलो. हातांनी गवत बाजूला सारत रांगायला लागलो. पाचशे माणसं बघताहेत, जमादार बघतोय, आणि तहसील कचेरीचा नक्कलनवीस गळ्यात हार घालून चार पायांवर! कुसळं धोतरात, बंडीत, कानात. मागून कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी.

"काहून हसून राह्यले?" कस्तुराबाईंचा आवाज आला. "त्याईले माहीत हाय कुठी हाय ते." आणि बाईनं पदर खोचला, माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि गवत सारायला लागली. हळूच म्हणाली, "हाय न पन दगड?"

"कागदावर आहे," मी म्हणालो.

"मंग असंन."

दहा हात इकडं, दहा हात तिकडं. हरिसिंग आला, रामीबाई आली. आणि एवढ्यात माझा डावा गुडघा अशा काही टणक वस्तूवर आदळला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. "अगं आई गं!" मी बोंबललो. आयुष्यात कुठलीही ठेच मला इतकी गोड लागलेली नाही.

कस्तुराबाईंनी हातांनी माती उकरली आणि पदरानं दगड पुसला. घडीव दगड, त्यावर आकडे. जमादार सायकल टाकून आला, उकिडवा बसला आणि मोठ्यानं वाचलं, "चौदा!" मग नाकेदाराकडं वळून, "क्या मियाँ? आठ साल से सरकार की हद्द तुम खिसकाते रहे?"

नाकेदाराची वही बंद झाली. त्याचा दंडुका कुठं गेला ते मी पाहिलं नाही.

लोकांनी असा काही जयजयकार केला की आवळीवरचे पोपट उडाले. खरं सांगू? काही जण जरा हिरमुसले होते. तुरुंगात जायची तयारी करून आले होते बिचारे. रामकिसननं तर घोंगडी बांधून आणली होती. मी विळा उचलला आणि हरिसिंगपुढं धरला.

"नाईक, गवत तुमचं. पहिला हात तुमचा."

त्यानं विळा घेतला नाही. रामीबाईच्या हातात दिला. तिनं एक मूठ गवत कापलं, कपाळाला लावलं आणि ती रडली. पोलीस जमादार हजर असताना, दिवसाढवळ्या, कायद्यानं. मग अठरा गाड्यांचे विळे चालले.

पुढं रोडगे. शंभर गोवऱ्या रचल्या, पीठ थापलं, आणि मग कळलं की घरटी विळा आला होता, पण काडेपेटी एकाही घरानं आणलेली नाही. पत्रकात नव्हती ना! शेवटी जमादारानं खिशातून काढून दिली आणि सत्याग्रहाचा विस्तव सरकारी काडीनं पेटला. वरण नाही, वांगी नाहीत. तांड्यावरून दह्याची गाडगी आणि मिरच्यांचा ठेचा आला. तूप तेवढं रंगूबाईंनी मांडीवर धरून वाचवलं होतं. जमादारानं नऊ रोडगे खाल्ले. मी मोजत नव्हतो, रंगूबाई मोजत होत्या.

आणि ऐन जेवणात, बरी झालेली कंबर घेऊन, दौलतराव उगवले! जयजयकाराची बातमी मालेगाव नाक्यापर्यंत पोचली असावी.

"मी म्हटलंच होतं," पंक्तीत बसता बसता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हा दगड मले पह्यल्यापासून ठाऊक."

मी तूप वाढायला वाकलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, "दौलतराव, तुमची अठ्ठावीस सालची डायरी मीच उतरवली. 'दगड नंबर चौदा समक्ष पाहिला, मोकळा व सुस्थितीत.' मोकळा! वर तर पायलीभर माती चढली होती हो. तुमचा तंबू त्या दिवशी नेमका कुठं होता?"

दौलतरावांचा घास हातातच राहिला. मी त्यांना आणखी एक पळी तूप वाढलं आणि पुढं सरकलो. त्या दिवसापासून त्यांचा वाघ चार हातांचा झाला आहे, आणि मी समोर असलो तर निघतही नाही.

सोमवारी साहेबांनी अहवाल मागवला. मी दोन ताव लिहिले: टेकडी, आवळी, गवत, दगड, मेलेली म्हैस. हे मी पाहिलेलं होतं. शेवटी सवयीनं "खरी नक्कल" लिहायला टाक टेकला, आणि थांबलो. साहेबांनी सगळं वाचलं.

"कोणाच्या दौऱ्याचं उतरवलं हे?"

"कोणाच्या नाही, साहेब. अस्सल आहे. माझं आहे."

साहेबांनी शेवटचा ताव पुन्हा उलटून पाहिला. मग दप्तरातून सन एकोणीसचा हुकूम काढायला लावला, ताडून पाहिला आणि नवा हुकूम लिहिला: सत्तेचाळीस नंबर तांड्याच्या गुरांना मोकळा, नाकेदाराची बदली, कोंडवाड्याची चौकशी. आणि उतरवायला माझ्याकडंच टाकला. मी प्रती तीन काढल्या. एक थेंब पडला नाही.

एक प्रत दप्तरात गेली. एक जावकाच्या टोपलीत, या वेळी पत्ता दोनदा वाचून. तिसरी हरिसिंग नाईकाची. ती शिपायाच्या हाती जायची रीत. मी ती खिशात घातली, साहेबांकडून दुपारची सुट्टी मागितली आणि घरी येऊन काठी घेतली.

"कुठी चालले आता?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"दौऱ्यावर. तांड्यावर हुकूम द्यायचा आहे. पायी जातो."

सूप थांबलं. त्या उठल्या, हात झटकले, पायांत वहाणा सरकवल्या.

"थांबा जराक," त्या म्हणाल्या. "मी बी येते."

दौलतराव ओट्यावर बसले होते. त्यांनी चहा विचारला. आम्ही दोघांनीही नको म्हटलं आणि मालेगाव नाक्याच्या पलीकडं चालू लागलो.